बिनतोंडाचं दुकान

टक्.

पाळण्याची पाचर निसटून फरशीवर पडली, तेव्हा द्वारकेला कळलं की घर किती गप्प झालं आहे. एवढीशी लाकडाची पाचर, पण आवाज माजघरातून ओसरीपर्यंत गेला. सासू तुळजाबाई निवडत बसली होती, तिचा हात सुपात थांबला. पाळण्यातलं बाळ दचकलं, ओठ काढले, आणि रडावं की नाही याचा विचार करत पडून राहिलं.

हे घर असं नव्हतं. अंगणापलीकडच्या पत्र्याखाली करवत दिवस उजाडल्यापासून चालायची. थोरली उमा तान्ही होती तेव्हा करवतीच्या आवाजावर झोपायची आणि करवत थांबली की जागी व्हायची. शेजारणी म्हणायच्या, सुताराची पोर आहे, अंगाईसुद्धा हत्याराची लागते. आता धाकट्याला झोपायला कुणाचीच अंगाई नव्हती. पत्र्याखाली रंधा पालथा पडला होता आणि भुशावर मांजर व्यायली होती.

द्वारकेचा नवरा धर्मराज दुकानं बसवणारा मिस्त्री. जालन्यात, कादराबादच्या बाजारात, निम्म्या दुकानांचं लाकूडकाम त्याचं नाही तर त्याच्या वडिलांचं. भिंतीच्या मांडण्या, किराण्याचे खण, शेठची बैठक, तिच्या मांडीशी गल्ल्याची पेटी, आणि पुढून रात्री लावायच्या उभ्या फळ्या, एकेक करून खाचेत सरकवायच्या. नवं काम आलं की धर्मराज जागेवर जाऊन उभा राहायचा आणि पहिला प्रश्न एकच विचारायचा, "शेठ, दुकानाचं तोंड कुठं?" ते कळल्याशिवाय त्यानं कधी मापाची दोरी सोडली नव्हती. तोंडावरून बैठक ठरायची, बैठकीवरून गल्ला, गल्ल्यावरून बाकीचं सगळं.

पण कापसाचा भाव कोसळला. जालन्याचा बाजार कापसाच्या ढिगावर बसलेला. ढीग सरकला तसा बाजारही घसरला. सरकी काढणाऱ्या जिनांचे भोंगे आठवड्यातून एखादा दिवस वाजायचे. गाड्या घेऊन येणारे कुणबी आले नाहीत, म्हणून कापड खपलं नाही, गूळ खपला नाही, तवे-पातेली खपली नाहीत. नवं दुकान बसवायला कोण बोलावणार? बोलावणी यायची ती दुकान उतरवायची.

गल्लीच्या तोंडाशी कडूबाचं किराणा दुकान होतं. ते बसवलं धर्मराजनंच आणि उतरवलंही त्यानंच. त्या दिवशी तो जेवला नाही. त्यांच्या धंद्यात एक रीत होती. उतरवलेल्या दुकानाला तेलाचा हात फिरवायचा, सुंभानं बांधायचं आणि वर्षभर त्याला करवत लावायची नाही. काय सांगावं, मालक परत येईल. कडूबा म्हणाला होता, "असू द्या तुमच्यापाशी मिस्त्री. मी कुठं घेऊन फिरू लाकूड?" आणि एका सकाळी बायको-पोरांना घेऊन तो निघून गेला, कुठं ते कुणाला न सांगता. त्याची मुलगी गोदी ही उमेची जिवाची मैत्रीण. जाताना तिनं जिऱ्या-मोहरीचा एक बारका खण उमेला दिला होता. उमा त्यात आपली चिंध्यांची बाहुली झोपवायची.

आता पाळी ह्या घराची होती. ठरलं होतं असं की पाडवा झाला की धर्मराज सिकंदराबादला जाणार. तिथं रेल्वेच्या कारखान्यात गावचा एक माणूस होता, तो कामाला लावून देतो म्हणाला होता. द्वारकेनं दोन्ही पोरं घेऊन माहेरी राहायचं, हसनाबादला. तुळजाबाईनं लेकीकडं, आष्टीला. एका चुलीच्या तीन चुली. साठवलेलं सागवान लाकूडवाल्याला विकायचं बोललेलं होतं. घरात कुणी भांडत नव्हतं, रडत नव्हतं. नुसतं गप्प झालं होतं.

धर्मराजनं वाकून पाचर उचलली. "ढिली झाली," तो म्हणाला. "लाकूड सुकलं."

"खिळा ठोकू नको बरं का त्याला," तुळजाबाई ओसरीवरून म्हणाली.

"मी काय आज सुतार झालो का, माय?"

"न्हाई, आजकाल हात रिकामा ऱ्हातोय तुझा. रिकामा हात काय बी ठोकतो."

त्या पाळण्याला लोखंड लागलेलं नव्हतं. धर्मराजच्या आजानं तो केला होता, आणि सुतार गल्लीत ज्या घरी बाळंतीण असेल त्या घरी तो जायचा. जाताना उभा जायचा नाही, सुटा होऊन जायचा. पाचरी काढल्या की सगळा पाळणा एका माणसाच्या काखेत मावायचा. त्याला उसं-पायतंही नव्हतं. दोन्ही टोकं सारखी, दोन्ही बाजू सारख्या. बाळाचं डोकं उत्तरेला करू नये म्हणतात, आणि प्रत्येक घरचं आढं वेगळ्या दिशेला. मग कुठलंही टोक डोक्याचं करता यावं, म्हणून आजानं तो तसाच घडवला होता.

धर्मराज पाचर तळहातानं ठोकून बसवत होता, तोच बाहेरून हाक आली. दीनानाथ शेठ, कापडवाले. द्वारकेनं पदर सावरला आणि पाण्याचा तांब्या उमेच्या हाती दिला. आपण दाराआड उभी राहिली.

शेठ ओसरीवर टेकले, पाणी प्याले. मग म्हणाले, "धर्मराज, माझं दुकान उतरवायचंय."

"तुमचं बी, शेठ?"

"गिऱ्हाईक जालन्याला येतच न्हाई तर गादीवर बसून काय माशा मारू? पोरगं म्हणतं, बाजारा-बाजारानं हिंडा. हसनाबाद, जाफराबाद, आष्टी. म्हणतं, लोकं कापड घेऊन राह्यले, पण आपल्या गावात घेऊन राह्यले. खरं असंल त्याचं." शेठनी पागोटं मांडीवर काढून ठेवलं. "पण मी जाऊन आल्तो एकदा. पोतं टाकून बसलो. शेळी येऊन धोतरजोडीवर उभी ऱ्हायली. वारा सुटला तर पांढऱ्याचं मातट झालं. अन् ओळखीचा माणूस आला की मीच मान खाली घालू लागलो. माझा बाप गादीवर बसून धंदा करत मेला रे. मला धुळीत बसवंना."

"मंग न्हाई बसायचं," तुळजाबाई म्हणाली.

"न्हाई बसलो तर खाऊ काय, तुळजाबाई? गादी?"

शेठ गेले. धर्मराज हत्याराच्या पेटीकडं गेला आणि पहार काढून पुसत बसला. उतरवायच्या कामाला पहारच लागते. द्वारका पाळण्यापाशी परत आली. बाळाला थोपटता थोपटता तिचा हात पाचरीवर थांबला. तिनं ती दाबून पाहिली. काढून पाहिली. परत बसवली.

"आवं," ती म्हणाली. "शेठचं दुकान पाळण्यावाणी का न्हाई करत?"

धर्मराजनं वर पाहिलं. "दुकान काय झुलवायचंय का?"

"झुलवायचं न्हाई. सोडायचं अन् बांधायचं. गाडीत घालायचं, बाजारात उभं करायचं, सांजच्याला परत गाडीत. बैठक तीच, गल्ला तोच, मांडण्या त्याच. शेठ धुळीत बसणार न्हाईत अन् शेळी बी वर चढणार न्हाई."

"घ्या," तुळजाबाई म्हणाली. "सून दुकानाला बाळंत करायला निघाली."

"अगं, दुकान म्हणजे पाळणा न्हाई," धर्मराज म्हणाला. "दुकानाला जमीन लागती, भिंत लागती. पाचरीवर उभं केलेलं दुकान पहिल्या दिवशी कुचकुच करंल, दुसऱ्या दिवशी पडंल. लोकं म्हणतील, मिस्त्री मंदीत येडा झाला."

द्वारकेनं बाळाला उचलून सासूच्या मांडीवर दिलं. मग पाळण्याची दोरी सोडली, पाचरी एकामागून एक काढल्या आणि पाळण्याचे तुकडे नवऱ्याच्या पायाशी ओळीनं मांडले. बाळानं भोकाड पसरलं. त्याच्या त्या रडण्यातच तिनं पाळणा परत जोडला, आढ्याला टांगला आणि बाळ आत ठेवलं. भोकाड पुरतं रंगात यायच्या आत बाळ झुलत होतं.

"तुमचा आजा ह्यात माणूस ठेवायला भ्याला न्हाई," ती म्हणाली. "तुम्ही कापड ठेवायला भिता."

धर्मराज पाळण्याकडं पाहत राहिला. मग त्यानं पहार पेटीत ठेवली, पत्र्याखाली जाऊन पालथा रंधा उचलला, आणि भुशातल्या मांजरीला म्हणाला, "उठा बाई. दुसरीकडं बिऱ्हाड बघा."

तुळजाबाईनं बाळाकडं बघून डोळे मिचकावले. "अरे, तुझ्या बापाच्या कानात करवतीचा आवाज शिरला रे."

शेठना समजावणं सोपं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "हसनाबादच्या बाजारात नेऊन उभं करून दाखव. मला बापावाणी बसता आलं तर बराबर. न्हाई तर मंग तू तुझं लाकूड घेऊन जा, मी माझं पोतं टाकतो." धर्मराजला तेवढंही पुष्कळ होतं. लाकूडवाल्याशी बोललेला सौदा त्यानं मोडला नाही, नुसतं पाडव्यापर्यंत थांब म्हणून सांगितलं आणि त्यातलंच लागेल तेवढं सागवान कामाला घेतलं.

करवत चालू झाली. पहिल्या दिवशी बाळ आवाजानं रडलं, दुसऱ्या दिवशी कान देऊन पडलं, आणि मग त्या आवाजावर झोपायला लागलं. द्वारका भाकरी टाकता टाकता पत्र्याखाली काय चाललंय ते नुसत्या आवाजावरून ओळखायची: हे कापणं, हा रंधा, हे पटाशीनं भोक पाडणं. चार खांब, दोन टोकं, खाली पाटाची जमीन, वर ताडपत्रीला काठ्या. एका टोकाला शेठची बैठक आणि गल्ला, दुसऱ्या टोकाला, बसलेल्या शेठच्या समोर, कापडाच्या मांडण्या. पुढच्या बाजूला फळ्यांची खाच आणि मागच्या बाजूलाही तशीच खाच, फळ्याही सगळ्या एका मापाच्या. बाजारात कुठली फळी कुठली हे शोधत कोण बसणार? खिळा एकही नाही. धर्मराज दिवसातून दोनदा आत येऊन पाळण्याला हात लावून जायचा. तुळजाबाई म्हणायची, "लेकराला बघायला येतो म्हणावं तर नजर लाकडाकडं."

पाडवा झाला. सामान बांधायचा दिवस आला, आणि एकाच गाडीत दोन्ही सामानं चढली. पुंजारामची गाडी होती. एरवी ती कापसाच्या गाठी वाहायची, ह्या साली रिकामी उभी होती. खाली सुटं दुकान, त्यावर शेठच्या कापडाचे गठ्ठे, आणि सगळ्यात वर द्वारकेची पत्र्याची ट्रंक आणि अंथरुणाची वळकटी. दुकान उभं राहिलं तर ट्रंक परत येणार. नाही राहिलं तर द्वारका पोरांसह माहेरी उतरणार आणि धर्मराज हसनाबादहून परतून थेट टेशनावर जाणार. कुणी हे बोलून दाखवलं नाही. ट्रंक बोलत होती तेवढं बस होतं.

तुळजाबाई दारात उभी राहिली. "चूल सारवून ठेवते," ती म्हणाली. "पेटवायची का आष्टीची वाट धरायची, ते येऊन सांगा."

हसनाबादचा बाजार सकाळी भरायला लागला तेव्हा गाडी पोचली. शेठ आधीच दुसऱ्या गाडीनं येऊन पोचले होते. त्यांना जागा मिळाली होती ती कडुनिंबाखाली. मागं पडकी भिंत, पुढं उगवतीच्या अंगाला बाजाराची वाट. मिरच्यावाले, बांगड्यावाल्या, दोरखंडवाले आपापली पोती पसरत होते. धर्मराज आणि पुंजारामनं खांब उतरवले तशी माणसं जमू लागली.

"तमाशाचा फड हाय का?"

"न्हाई, देवीचा देव्हारा असंल."

"मिस्त्री, लगीन कुणाचं हाय? मांडव घालून राह्यले?"

धर्मराज ऐकत नव्हता. खांब उभे राहिले, पाचरी बसल्या, मागच्या खाचेत फळ्या सरकल्या, वर ताडपत्री ताणली गेली. मांडण्यांवर कापड चढलं. पांढऱ्या धोतरजोड्या, चोळीचे जांभळे खण, लुगड्यांच्या घड्या. बैठकीवर गादी पडली आणि तिच्यावर स्वच्छ पांढरी चादर. मिरच्यावाल्यानं आपलं पोतं थोडं मागं ओढलं, साक्षात दुकानाच्या शेजारी बसायचं म्हणजे. द्वारका गाडीआड उभी होती, कडेवर बाळ, हाताशी उमा. तिचा भाऊ मच्छिंद्र घरून आला होता, बहिणीला न्यायचं की नाही ते बघायला. तोही पाहत राहिला. "दाजींनी अख्खं जालना उचलून आणलं की गं, ताई."

शेठ जोडे काढून आत चढले. त्यांनी गल्ल्याला हात लावून तो कपाळाला लावला, गादीवर बसले, मांडी घातली. मान ताठ झाली. असे बसले की क्षणभर द्वारकेला वाटलं, झालं, जिंकलो.

मग शेठनी सूर्याकडं पाहिलं. डावीकडं वाट, वाटेवर सूर्य. त्यांनी पुन्हा समोर पाहिलं आणि मांडी सोडली.

"धर्मराज," ते म्हणाले. "माझं तोंड कुठं झालं?"

धर्मराजनं सूर्याकडं पाहिलं, मग बैठकीकडं, आणि त्याचा हातोडा धरलेला हात हळूच खाली आला. दक्षिण. शेठचं तोंड नीट दक्षिणेला होतं. जन्मात त्यानं एकही दुकान तोंड विचारल्याशिवाय बसवलं नव्हतं. पण ह्या दुकानाला जागाच नव्हती, तर तोंड कुणाला विचारणार? ते विचारायचंच राहून गेलं होतं. सवयीप्रमाणे, बाजारातून बघणाऱ्याच्या उजव्या हाताला त्यानं बैठक केली होती.

"यमाकडं तोंड करून भवानी करू?" शेठ उठून उभे राहिले. "अजून जित्ता हाय मी."

"शेठ, पलीकडच्या टोकाला बसा."

"अन् गल्ला? तो हितंच राहील, मी तिकडं?"

धर्मराजनं बैठकीच्या पाचरी काढून पाहिल्या. गल्ल्याच्या टोकाची भोकं रुंद होती, मांडणीच्या टोकाची बारीक. एकाचं लाकूड दुसऱ्यात जाईना. नवी भोकं पाडायची म्हणजे दिवस गेला. बाजार तर भरत चालला होता. लोक हसायचे थांबले होते, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. शेठचा नोकर कुणाला न विचारता गठ्ठ्याखालून पोतं काढून झटकायला लागला.

धर्मराजनं मान वळवून गाडीकडं पाहिलं. द्वारकेकडं नाही, ट्रंकेकडं. मच्छिंद्रला ती नजर कळली. तो गाडीवर चढला आणि त्यानं ट्रंकेच्या कडीला हात घातला.

त्याच वेळी कडेवरचं बाळ पेंगलं. द्वारकेनं गाडीच्या सावलीत गोधडी टाकली आणि त्याला निजवायला वाकली. सवयीनं तिनं आधी दिशा पाहिली. उत्तरेला डोकं होत होतं, म्हणून तिनं गोधडी तशीच धरून अख्खी फिरवली, आणि फिरवता फिरवता ती तशीच थांबली. गोधडीकडं पाहिलं. दुकानाकडं पाहिलं. दुकानाच्या मागच्या फळ्यांकडं पाहिलं.

भर बाजारात, परक्या माणसांत, नवऱ्याला हाक मारायची रीत नव्हती. तिनं उमेला जवळ ओढलं.

"उमे, पळ. बापाला विचार, पाळण्याला उसं-पायतं असतं का? म्हणावं, मंग ह्याला पुढं-मागं कशाला? अख्खंच फिरवा अन् मागनं उघडा."

उमा पळाली. गर्दीतून वाट काढत ती दुकानासमोर उभी राहिली आणि पाठ केलेलं विसरू नये म्हणून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडली, "बा, माय विचारून राह्यली, पाळण्याला उसं-पायतं असतं का? अख्खंच फिरवा अन् मागनं उघडा."

बाजार हसला. "घ्या, मिस्त्रीची मिस्त्रीण आली."

धर्मराज हसला नाही. तो दुकानाच्या मागं गेला, भिंतीच्या बाजूला. मागच्या खाचेवरून त्यानं बोट फिरवलं. पुढं आला, पुढच्या खाचेवरून फिरवलं. मग त्यानं डोक्याचा रुमाल सोडून घट्ट बांधला.

"कापड तसंच राहू द्या," तो म्हणाला. "पुंजाराम, ये. मच्छिंद्र, ती ट्रंक सोड अन् जल्दी हिकडं ये. ए भाऊ, मिरच्यावाले, तुम्ही बी या. चार कोपऱ्याला चार जण."

"काय करायचंय?"

"पालखीला खांदा देता ना? तसा द्या."

बघ्यांपैकी आणखी दोघं-चौघं पुढं झाले. बाजारात असं कुणी बोलावलं की माणूस राहत नाही. "ऐऽ, उचला." दुकान जमिनीवरून उठलं. पाचरी कुचकुचल्या, पण एकही सुटली नाही. गादी, गल्ला, लुगडी, धोतरं, सगळं घेऊन ते दुकान कडुनिंबाखाली हळूहळू गोल फिरायला लागलं. बांगड्यावाली हातातली बांगडी तशीच धरून उभी राहिली. कुणीतरी मागून "पुंडलिक वरदे" म्हणालं आणि सगळ्यांनी उत्तर दिलं. दुकान परत जमिनीवर टेकलं तेव्हा त्याची बंद पाठ बाजाराकडं आणि उघडं तोंड भिंतीकडं होतं.

"झालं का?" मिरच्यावाला म्हणाला. "आता भिंतीला कापड विकायचं?"

धर्मराजनं पाठीची पहिली फळी वर उचलली, खाचेतून काढली आणि पलीकडं नेऊन भिंतीकडच्या खाचेत सरकवली. बराबर बसली. मग दुसरी. मग तिसरी. एकेक फळी निघत गेली तसतसं बाजाराला आतलं कापड दिसत गेलं: आधी एक पांढरी पट्टी, मग जांभळी, मग लुगड्याचा लाल काठ. शेवटची फळी निघाली, आणि दुकान समोर उघडं होतं.

शेठ चढले. बसले. मांडी घातली. आता सूर्य उजव्या हाताला होता. समोर उत्तर.

"कुबेराची दिशा," शेठ हळूच म्हणाले. एवढंच. पण त्यांनी पागोटं काढून नीट केलं आणि परत चढवलं, जुन्या दुकानाच्या गादीवर करायचे तसं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ती चतुराबाई नावाची म्हातारी. तिनं एका हातानं खांब धरला. "अरे, दुकानच गरगर फिरवता व्हय? चक्कर आली मला. आता आलेच हाय तर नातवाच्या अंगड्याला कापड दाखव."

भवानी झाली. त्यानंतर शेठना मान वर करायला सवड मिळाली नाही. फिरणारं दुकान बघायला जो आला तो कापडाला हात लावून बघत होता, आणि जो हात लावत होता तो घेऊन जात होता. कुणाला पाटलाच्या घरातल्यासारखं नीट बसून कापड बघायला मिळत होतं, कुणाला धूळ नसलेलं लुगडं. शेळीसुद्धा आली. तिनं पाटाच्या जमिनीकडं पाहिलं, चढायला जमेना, म्हणून मिरच्यांकडं गेली. नोकरानं पोतं घडी करून गाडीत टाकलं.

दुपार उतरायच्या आत जाफराबादचा एक किराणावाला धर्मराजपाशी येऊन उकिडवा बसला. "मिस्त्री, मला बी असंच पाहिजे. खण असलेलं."

"करू की," धर्मराज म्हणाला, आणि तोंडातून सवयीनं निघालंच, "तुमच्या दुकानाचं तोंड..."

त्यानं जीभ चावली.

"तोंड सगळीकडं, शेठ," धर्मराज म्हणाला. "दोन्ही टोकांची भोकं बी आता एकाच मापाची पाडतो." आणि किती महिन्यांनी तो मनापासून हसला. द्वारकेला गाडीआडून ते हसणं ऐकू आलं. तिनं पदरात तोंड लपवलं; बाळ मात्र उघड हसलं, त्याला पदर नव्हता.

संध्याकाळी दुकान सुटं होऊन गाडीत गेलं. त्यावर उरलेलं थोडं कापड. सगळ्यात वर ट्रंक, जशीच्या तशी, कडीसुद्धा न उघडलेली. ती मच्छिंद्रनंच नीट बांधली. "ताई, माय विचारंल, न्यायला गेल्ता आन् रिकामा आला."

"मायला सांग," द्वारका म्हणाली, "लेक दिवाळीला येते. पाहुणी म्हणून."

तुळजाबाईनं दुरूनच गाडीवरची ट्रंक ओळखली असणार, कारण गाडी गल्लीत वळली तेव्हा धुराड्यातून धूर निघत होता. ती दारात आली नाही. आतूनच म्हणाली, "पाय धुऊन या. पिठलं गार होतंय."

त्या मंदीत जालन्यात दुकानं बंद होत राहिली. भाव काही कुणासाठी थांबला नाही. पण सुतार गल्लीतली करवत पुन्हा थांबली नाही. जाफराबादचं झालं, मग आष्टीच्या एका भांडेवाल्याचं, मग बांगड्यांचं एक इवलंसं, डोक्यावर नेता येईल असं. गल्लीतले दुसरे सुतारही आले, आणि धर्मराजनं त्यांना पाळणा दाखवला. तो तर सगळ्यांचाच होता. पुंजारामला गाडी पुरेना. आठवड्याच्या बाजाराला पहाटे गाड्या सुटायच्या आणि तुळजाबाई अंगणातून हात उंच करून म्हणायची, "चालल्या माझ्या लेकी सासरी." सांजेला परत आल्या की म्हणायची, "आल्या माहेरी."

एका दुपारी बाळ झोपलं होतं, बाहेर करवत चालू होती. द्वारका पत्र्याखाली नवऱ्याला ताक द्यायला गेली, तर उमा कोपऱ्यात बसलेली. तिथं सुंभानं बांधलेलं एक दुकान उभं होतं, तेल पिऊन काळंभोर झालेलं. कडूबाचं. त्याला कुणी हात लावला नव्हता. लाकूड कमी पडलं तरी धर्मराजनं लावू दिला नव्हता. उमेनं त्याच्या सुंभात आपला बारका खण खोचला होता. बाहुली काढून शेजारी जमिनीवर निजवली होती.

"खण का गं ठेवला?" द्वारकेनं विचारलं.

"त्याचा हाय ना. एक कमी पडंल." उमेनं सुंभाची गाठ ओढून बघितली, बापासारखी. "माय, आता सगळ्यांची दुकानं गाडीत बसून जातात. मंग गोदीचं बी पाठवू ना. पुंजाराममामा नेतो म्हणाला, कुठं न्यायचं तेवढं सांग म्हणाला." तिनं मान वर केली. "कुठं ऱ्हाती गं गोदी?"